ड्राफ्ट्समनबाईंचा डावा हात

नेमणुकीच्या कागदावर हुद्दा होता ड्राफ्ट्समन, आणि प्रत्यक्ष कामाला आल्या त्या बाई. मग दुसरं काय होणार? पहिल्याच आठवड्यात नाव पडलं, ड्राफ्ट्समनबाई. एवढं लांबलचक नाव दिवसातून पन्नास वेळा कोण घेणार, म्हणून पुढे त्याचं शेपूट तेवढं राहिलं, आणि साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणू लागले.

खिडक्या विकणाऱ्या दुकानाच्या वर दोन खोल्या, एवढंच ते ऑफिस. इमारतींमध्ये पाण्याचे पाइप कुठून कसे जातात, नळ कुठे, बेसिन कुठे, याचे नकाशे तिथे निघत. बाई तिथे वीस वर्षं एकाच कोपऱ्यात बसल्या. आधी मोठ्या तिरप्या टेबलावर पेन्सिल-पट्टीने, नंतर त्याच कोपऱ्यात कॉम्प्युटरवर. स्वभाव म्हणाल तर काटकोनी. नव्वद म्हणजे नव्वद, एकोणनव्वद चालणार नाही. गवंड्याने भिंत वाकडी बांधली तर बाई त्याला तोंडावर सांगत, आणि गवंडी खाली मान घालून ऐकत, कारण बाईंचा नकाशा चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं. आपल्याला काम येतं हे बाईंना पक्कं माहीत होतं आणि ते लपवायचा खोटा विनय त्यांनी कधी केला नाही.

अशा बाई एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत मापं घ्यायला गेल्या आणि ओल्या जिन्यावरून घसरल्या. पडताना माणूस हात पुढे करतो. बाईंनी उजवा केला. मनगटाचा पार चुरा झाला. ऑपरेशन झालं, आत पट्ट्या-स्क्रू बसले, प्लास्टर निघालं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की हात पुढे-मागे होईल, वस्तू ढकलता येईल, पण मूठ वळणार नाही. पेन धरणं, बटण दाबणं विसरा.

साहेब घरी भेटायला आले. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण त्याच्याही मानेवर कामाचं जू होतंच.

“बाई, तुमच्याशी आडपडदा ठेवत नाही,” ते म्हणाले. “वसतिगृहाचं मोठं काम आलंय. महिनाअखेरीला पहिले नकाशे द्यायचेत. एक ड्राफ्ट्समन नोकरीसाठी दोनदा विचारून गेला. महिनाअखेरीपर्यंत मी तुमची खुर्ची धरून ठेवतो. त्यापुढे माझा इलाज नाही.”

“खुर्चीला काय धरायचंय? तिला चार पाय आहेत,” बाई म्हणाल्या. “माझ्यासाठी नवं मशीन घेतलंत ना, ते इकडे पाठवून द्या. वसतिगृह मीच काढणार.”

साहेब गेल्यावर मात्र त्यांनी नवऱ्याला खरं काय ते सांगितलं. “अहो, ही खुर्ची गेली तर असल्या हाताच्या बाईला दुसरं कोण दारात उभं करणार? आणि घरात बसून राहिले तर मी तुम्हा सगळ्यांचं डोकं खाईन.”

“ते तर आत्ताही खातेसच,” नवरा म्हणाला. तो औषधांच्या दुकानात होता, बेतानेच बोलायचा. त्याने जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलं, तारा ओढल्या आणि मशीन मांडून दिलं. त्या महिन्यात घरातले सगळे ताट मांडीवर घेऊन जेवले आणि कोणी हूं की चूं केलं नाही.

नकाशे काढायचं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चढवणं म्हणजे नव्या घरात राहायला जाणं. भिंती तयार असतात, पण मिठाचा डबा कुठे ठेवायचा ते आपणच ठरवायचं असतं. बाईंची सुरुवात नेहमी एकाच ठिकाणाहून होई, मोजण्याचं एकक. मिलिमीटर की इंच हे आधी सांगितलं नाही तर पुढे बेसिन हौदाएवढं येतं. मग थर. थंड पाण्याच्या रेषा निळ्या आणि त्यांच्या थरावर, गरम पाण्याच्या लाल आणि वेगळ्या थरावर, सांडपाण्याच्या तपकिरी. जणू एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद, हवा तो उचलून बाजूला ठेवावा. मग रेषेची जाडी, अक्षरांची उंची, मापं लिहायची पद्धत. हे सगळं एका कोऱ्या नमुन्यात साठवून ठेवलं की पुढचा प्रत्येक नकाशा तिथूनच सुरू होतो. एरवी हे काम म्हणजे बाईंच्या डाव्या हातचा मळ, आणि या वेळी ते खरोखरच डाव्या हाताने करावं लागत होतं. एका बोटाने, टुक टुक करत, अख्खी सकाळ गेली.

खिडकीशी बसलेले अण्णा हे बघत होते. अण्णा म्हणजे बाईंचे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला. निम्म्या शहराच्या कारकुनांची बोटं त्यांनी वळणावर आणली होती, तीही पट्टी मारून. क्लास बंद पडून जमाना झाला, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. अजूनही टीव्हीवर बातम्या लागल्या की मांडीवर त्यांची बोटं त्या बातम्या टाइप करत असत.

“काय गं, कोंबडीसारखे दाणे टिपते आहेस?” ते शेवटी म्हणाले.

“अण्णा, एका हाताचं टायपिंग होतं का तुमच्या क्लासात?”

“नव्हतं. म्हणून काय झालं? आज सुरू करू.” आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

या सॉफ्टवेअरचा एक गुण चांगला. कोणतं काम कोणत्या अक्षराला सोपवायचं ते आपण ठरवू शकतो. सगळे लोक कामाच्या नावातलं अक्षर घेतात. लक्षात राहायला सोपं जातं. बाईंनीही तसंच सुरू केलं होतं. अण्णांनी ते साफ मोडीत काढलं.

“अक्षराचं काय घेऊन बसलीस? बोटाचं बघ. दिवसातून सगळ्यात जास्त काय करतेस?”

“रेघ मारते.”

“मग रेघ तर्जनीला. ती घरातली मोठी सून, तिला कामाचा कंटाळा नसतो.”

“आणि मोठ्या सुनेला कोणी विचारत नाही, ते?”

“मधल्या बोटाला कॉपी,” अण्णांनी ऐकलंच नाही. “अनामिका आळशी, तिला क्वचितची कामं. करंगळीला जड काम अजिबात द्यायचं नाही. तिला काय देशील?”

“कोपऱ्यातली कळ. काम अर्धवट सोडून पळायची.”

“उत्तम. करंगळीला पळूच दे.”

दोघांची खडाजंगी होई आणि दोघांनाही त्यात मजा येई, हे घरच्यांच्या लक्षात आलं होतं. बाई कळ ठरवत, अण्णा बदलायला लावत, बाई परत आपलं खरं करत. माउसचाही तोडगा निघाला. उजवा तळवा नुसता माउसवर ठेवायचा आणि ढकलायचा. क्लिक मात्र डाव्या हाताच्या एका कळीवर. त्यासाठी बाईंनी एक छोटा प्रोग्रॅम शोधून बसवला. उजव्याने दाखवायचं, डाव्याने करायचं. पहिले काही दिवस डोकं गरगरलं. बाईंना घाई, अण्णा म्हणत, “पी हळद अन् हो गोरी, असं नसतं बाळ.” आणि क्लासातल्यासारखा हातावर टॉवेल टाकून कळा न बघता सराव करायला लावत.

एका गोष्टीत मात्र अण्णा तसूभरही हलले नाहीत. अंगठा. सॉफ्टवेअरमध्ये स्पेसची लांब कळ दाबली की ‘झालं, कर’ असा अर्थ होतो. अण्णांच्या क्लासाचा नियम होता, शब्द संपला की एक स्पेस, वाक्य संपलं की दोन. एक दिली तर हातावर पट्टी.

“रेघ मारून झाली म्हणजे वाक्य संपलं. दोन दे.”

“अण्णा, इथे दुसरी दिली की तेच काम पुन्हा सुरू होतं.”

“होऊ दे. करंगळी कशाला ठेवली आहे? तिने पळवून लावायचं. पहिली स्पेस कामाची, दुसरी विसाव्याची. त्या विसाव्यात तुझा उजवा हात जागेवर येतो की नाही, बघ.”

बाईंनी बघितलं, आणि म्हातारा खरं बोलत होता. जड झालेला उजवा तळवा पुढच्या जागी सरकायला क्षणभर लागत असे. टप, टप, करंगळी. टप, टप, करंगळी. त्या ठेक्यात दोन्ही हात एकमेकांना सांभाळून घेऊ लागले. तीन आठवड्यांनी बाईंची गती अशी झाली, की नवरा दुकानातून आल्यावर दारातच थांबून आवाज ऐकत असे.

मग एका सकाळी मशीन रिक्षात घालून बाई ऑफिसात हजर झाल्या. त्यांच्या पलीकडच्या टेबलावर एक सहकारी होता. साधी गोष्ट हत्तीएवढी करून सांगायची सवय, म्हणून त्याला सगळे झूम म्हणत. बाई पाणी प्यायला उठल्या तेवढ्यात त्याने कौतुकाने त्यांच्या मशीनवर नेहमीचं अक्षर दाबून एक रेघ मारायला घेतली. रेघ येईना, सगळं बाथरूम उचललं गेलं आणि जिन्यात जाऊन पडलं.

“बाई, याच्यात भूत आहे!”

“भूत नाही, सासरे आहेत,” बाई म्हणाल्या. “हात काढा.”

वसतिगृहाचं काम त्यांनी त्याच जोमात संपवलं. तळमजला एकेक नळ ठेवून काढला. वरचे मजले तंतोतंत तसेच होते, म्हणून तळमजल्याचे पाइप-नळ कॉपी करून प्रत्येक मजल्याच्या नकाशात जिथल्या तिथे चिकटवले. नकाशे छापून भिंतीला लावले तेव्हा साहेब हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “जुन्या हातात आणि या हातात फरक दाखवा मला कोणीतरी.” बाईंची छाती फुगली. का फुगू नये?

पण नकाशा नुसता बघायचा नसतो. त्यातले नळ, बेसिन, जोड मोजून मालाची मागणी जाते. ती मोजणी सॉफ्टवेअरच करतं, आणि ते काम झूमकडे होतं. महिनाअखेरीच्या सकाळी तो कागद घेऊन आला. चेहरा उतरलेला. आज पहिल्यांदाच त्याला गोष्ट मोठी करून सांगायची गरज नव्हती.

“साहेब, तळमजल्यावर चाळीस नळ. वर प्रत्येक मजल्यावर ऐंशी.”

“सगळे मजले तर सारखेच आहेत.”

“तेच म्हणतोय.”

साहेबांनी नकाशा बघितला. चाळीसच दिसत होते. मोजणी पुन्हा केली. ऐंशी. ते खुर्चीत बसले आणि आवाज मऊ करून म्हणाले, “बाई, मनाला लावून घेऊ नका. हाताची अडचण आहे, आम्हाला कळतं. तो दुसरा माणूस जेवणाच्या सुट्टीनंतर यायचाच आहे. त्यालाच...”

तो मऊपणा बाईंना जास्त झोंबला. साहेब ओरडले असते तर चाललं असतं. त्या ताठ उभ्या राहिल्या.

“साहेब, हाताची चूक असती तर नळ वाकडे आले असते. दुप्पट कसे येतील? सुट्टी व्हायला अजून वेळ आहे. मला बसू द्या.”

साहेबांनी मान हलवली. बाई बसल्या. मशीन तपासलं, मोजणीची पद्धत तपासली, थर एकेक करून उघडले. एक नळ पुसला. नळ गेला नाही. अजून एकदा पुसला, तेव्हा गेला. म्हणजे प्रत्येक नळाच्या पाठीमागे नेमका तसाच दुसरा नळ बसलेला होता, केसाचंही अंतर न ठेवता. छापल्यावर दिसणार कसा? पण आला कुठून? तळमजला बरोबर आणि वरचे चुकलेले, म्हणजे घोडं चिकटवण्यात पेंड खात होतं. बाईंनी एक कोरा नकाशा उघडला, पाइप-नळ कॉपी करून चिकटवले, अगदी रोजच्यासारखे. टप, टप, करंगळी.

आणि कान टवकारले.

काखेत कळसा अन् गावाला वळसा. बाकी कोणतंही काम पुन्हा सुरू झालं की आधी विचारतं, कुठून, कुठे, किती? म्हणून करंगळीला त्याला पळवून लावायला वेळ मिळतो. जिथल्या तिथे चिकटवायचं काम काहीच विचारत नाही. त्याला जागा आधीच माहीत असते. दुसरी स्पेस पडली की ते मुकाट्याने आणखी एकदा चिकटवून मोकळं होतं. चाळीस वर्षांच्या टायपिंग क्लासाने वसतिगृहाचे नळ दुप्पट केले होते.

बाई एकट्याच हसल्या. झूमला वाटलं, गेलं यांचं डोकं.

जादाचे नळ काढून टाकायला फार वेळ लागला नाही. एकावर एक पडलेल्या वस्तू शोधून पुसायचं काम सॉफ्टवेअर स्वतःच करतं, सांगणारा लागतो. मग प्रश्न उरला अंगठ्याचा. सरळ मार्ग होता, दुसरी स्पेस सोडायची. पण त्या दुसऱ्या ठोक्यात उजवा हात जागेवर येत होता. तो ठोका गेला तर ठेका गेला, आणि ठेका गेला तर बाई पुन्हा दाणे टिपायला लागल्या असत्या. शिवाय तो ठोका अण्णांचा होता. बाईंनी ठरवलं, बदलायचं तर सॉफ्टवेअरने बदलावं.

चिकटवण्याच्या कळीमागची आज्ञा त्यांनी उघडली आणि तिला जोडूनच एक निरुपद्रवी काम लावून दिलं, स्क्रीनचा पडदा ताजा, म्हणजे रिफ्रेश, करायचं. आता चिकटवून झालं की शेवटचं काम तेच ठरणार, आणि दुसरी स्पेस पडली तर पडदाच तेवढा ताजा होणार. एकदा करून बघितलं, मोजलं. पुन्हा केलं, पुन्हा मोजलं. मग साहेबांना हाक मारली.

“या, बसा माझ्या खुर्चीत. ही कळ दाबा. आता स्पेस मारा. अजून मारा. राग आला असेल तर तोही काढा तिच्यावर.”

साहेबांनी स्पेस बडव बडव बडवली. झूमने मोजणी केली. चाळीस. सगळ्या मजल्यांची केली. चाळीस, चाळीस, चाळीस.

“चूक माझी होती,” बाई म्हणाल्या. “सापडली मला आणि दुरुस्तही मीच केली. पुन्हा होणार नाही. आता तुम्ही सांगा, खुर्ची कोणाची?”

साहेब उठले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि बाईंच्या समोरच लावला. “हां, नमस्कार. आज येऊ नका. नाही, पुढच्या आठवड्यातही नको. जागा रिकामी नाही. मला वाटलं होतं रिकामी आहे, पण नव्हती.”

ऑपरेशनच्या वेळी न रडलेल्या बाई तेव्हा रडल्या, सगळ्यांदेखत. झूम चहा सांगायला जिना उतरून पळाला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, “अण्णांना दुसऱ्या स्पेसचं नको सांगू. म्हातारा खचेल. एवढंच तर त्यांना येत होतं.”

“खोटं बोलून मी त्यांना सांभाळणार नाही,” बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

अण्णा खिडकीशी होते. बाईंनी पलंगावर बसून एका दमात सांगून टाकलं, खुर्ची राहिली हे आधी, आणि ती जवळजवळ का गेली होती ते नंतर. अण्णा ऐकत राहिले. मग त्यांनी स्वतःचा अंगठा समोर धरला आणि अनोळखी माणसाकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत राहिले.

“म्हणजे मी तुझा घात करत होतो.”

“होतात.”

“मग काढून टाक ती. उद्यापासून एकच दे.” त्यांनी अंगठा मुठीत मिटला. “जुन्या खोडी आहेत. मशिनं गेली तेव्हाच जायला हव्या होत्या.”

“का काढू? मी सॉफ्टवेअर बदललं, अण्णा. तुमच्या दोन स्पेस चालाव्यात असं करून ठेवलं. उद्याही दोनच देणार.”

अण्णांना ते समजायला वेळ लागला. बाईंनी पुन्हा एकदा समजावून सांगितलं, पडदा ताजा होतो तेही सांगितलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

“मला वाटायचं, मी शिकवलेलं सगळं त्या टाइपरायटरांबरोबर भंगारात गेलं.”

“भंगारात? त्याच्यावर माझी खुर्ची उभी आहे.” बाईंनी आपला डावा हात त्यांच्या मांडीवर ठेवला. “आता सांगा, अनामिका अजून रेंगाळते. तिचं काय करायचं?”

अण्णांनी नाक ओढलं, सुनेचा हात उलटा केला आणि ते बोट दोन बोटांत धरून तपासू लागले.